काचपेटीतला समुद्र

आमचे गाव खारपाणपट्ट्यातले. अकोल्याहून दर्यापूरकडे निघाले की पूर्णेच्या दोन्ही अंगांना काळीभोर जमीन पसरलेली दिसते. त्या जमिनीत विहीर खणली तर पाणी लागते, पण ते तोंडात घालवत नाही. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर आणि त्याची चव मात्र आमच्या विहिरीत! प्रत्यक्ष समुद्र मी आजवर एकदाच पाहिला आहे, शाळेच्या सहलीत, तोही ओहोटीच्या वेळी. त्यातून मी कला शाखेची. तेव्हा समुद्रातल्या प्राण्यांविषयी आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्या बाईविषयी लिहिण्याचा हिला काय अधिकार, असे कुणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही.

झाले ते असे. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त अमरावतीत भरलेल्या एका प्रदर्शनाला आम्ही मैत्रिणी गेलो होतो. तिथे एका टेबलावर काचेच्या बरण्या मांडलेल्या होत्या. एका बरणीत अष्टपाद म्हणजे ऑक्टोपस होता. फॉर्मॅलिनमध्ये राहून राहून तो उकडलेल्या बटाट्यासारखा पांढरट पडला होता, आणि बरणीवरची चिठ्ठी केव्हाच गळून गेली होती. शंखशिंपल्यांच्या जातीचा हा प्राणी, मग याचे घर कुठे गेले, असे मी तिथल्या स्वयंसेवकाला विचारले. तो बिचारा गडबडला आणि हे तुमच्या अभ्यासक्रमात येत नाही, एवढे सांगून पुढच्या बरणीकडे वळला. मैत्रिणी हसल्या, मीही हसले. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

पुढे ग्रंथालयात बसून थोडे वाचले तेव्हा कळले, की ज्यांना शास्त्रात शीर्षपाद म्हणतात, म्हणजे डोक्यालाच पाय फुटलेले, तीन हृदयांचे आणि निळ्या रक्ताचे प्राणी, ते आमच्या घरात पूर्वीपासूनच येऊन बसलेले आहेत! आजीच्या देवघरातला शाळिग्राम, ज्यावर ती रोज तुळशीचे पान वाहते, तो नेपाळातल्या गंडकी नदीतून आलेला. त्याच्या पोटातले चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या शीर्षपाद प्राण्याच्या कवचाचा ठसा. हे प्राणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. आमच्या वऱ्हाडची काळी माती ज्या खडकापासून झाली, तो लाव्हा जवळपास त्याच काळात वाहत होता. दुसरी वस्तू समुद्रफेन. अकोल्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात तो पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा मिळतो. आजी तो उगाळून औषधात घाले, आणि शेजारच्यांच्या पोपटाच्या पिंजऱ्यातही एक तुकडा अडकवलेला असे. नाव फेन असले तरी तो फेस नव्हेच. कोकणातले कोळी ज्याला माकूल म्हणतात त्या प्राण्याच्या पाठीतले ते कवच. म्हणजे काहींचे घर आत गेले, काहींचे दगड झाले आणि अष्टपादाचे पारच गेले.

पण अष्टपादांतही एक जात अशी आहे, की जिच्याजवळ घर आहे. ते घर तिचे स्वतःचे की चोरलेले, यावर विद्वान शतकानुशतके भांडत होते. तो वाद ज्या बाईने मिटवला तिची हकिकत मला सापडली आणि मी हा लेख लिहायला घेतला. तिचे नाव झान विलप्रो-पॉवर. पुढे सगळीकडे मी तिला 'ती' म्हणणार आहे. आदर कमी म्हणून नव्हे. आमच्याकडे आईलाही आपण 'ती'च म्हणतो.

झानचा जन्म सप्टेंबर १७९४ मध्ये फ्रान्सच्या कोरेझ प्रांतातील झ्युयाक या खेड्यात झाला. फ्रान्समध्ये तेव्हा राज्यक्रांतीची धामधूम चालली होती. पण खेड्यातल्या जोडे शिवणाऱ्या कारागिराच्या घरी क्रांती पोहोचली तरी चूल पूर्वीसारखीच पेटवावी लागते. झान त्या घरातले थोरले मूल. अकरा वर्षांची असताना तिची आई गेली. लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण झाले आणि संपले.

अठराव्या वर्षाच्या सुमारास ती पॅरिसला निघाली. शिवणकामात हात चांगला होता आणि मोठ्या शहरात काम मिळेल अशी आशा होती. ती पायी निघाली. अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर अकोल्याहून रुळांच्या कडेकडेने जवळजवळ नाशिकपर्यंत. शेगावहून पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणाऱ्या माणसांच्या मुलखात हे अंतर ऐकून कुणी तोंडात बोट घालणार नाही. पण पालखीत शेकडो माणसे सोबत असतात, मागेपुढे टाळ वाजत असतो. झानच्या सोबतीला एक नातलग होता, आणि ज्याच्या भरवशावर तिला पाठवले त्यानेच वाटेत तिच्यावर हात टाकला. तिने ऑर्लेआं शहरात आसरा घेतला. नव्या कागदपत्रांसाठी तिथे थांबावे लागले आणि पॅरिसला पोहोचायला उशीर झाला. तोवर ठरलेली जागा दुसरीला दिली गेली होती. चरित्रग्रंथांत हा प्रसंग दोन ओळींत उरकलेला असतो. मला मात्र तो वाचून बराच वेळ पुढचे पान उलटवले नाही. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली गावाहून अमरावतीला एसटीने रोज येजा करतात. त्यांना मी आणखी काय सांगू?

ती परत गेली नाही. एका प्रतिष्ठित शिंप्याकडे तिला मदतनिसाचे काम मिळाले. चार वर्षांत तिचा हात इतका बसला, की १८१६ साली राजघराण्यातल्या लग्नाचा वधूवेश बेतण्याचे काम तिच्याकडे आले. फ्रान्सचा राजा अठरावा लुई याचा पुतण्या बेरीचा ड्यूक आणि दोन सिसिलींच्या राज्याची राजकन्या कॅरोलिन यांचे ते लग्न. त्या पोशाखाने झानचे नाव झाले. याच सुमारास तिची जेम्स पॉवर या ब्रिटिश व्यापाऱ्याशी ओळख झाली आणि १८१८ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्यांचा विवाह झाला. योगायोग पाहा, सिसिलीकडची राजकन्या फ्रान्सात नांदायला आली आणि तिचा शालू बेतणारी सिसिलीत नांदायला गेली!

मेसिनात ती सुमारे पंचवीस वर्षे राहिली. व्यापाऱ्याची बायको, घरात काही कमी नाही, शिवणकाम पोटासाठी करण्याची गरज उरलेली नाही. अशा वेळी माणूस काय करतो? झान चालू लागली. चालण्याची सवय तर होतीच. तिने बेटभर पायपीट करून फुलपाखरे, शंख, जीवाश्म, खनिजे, झाडेझुडपे जमवली, त्यांची टिपणे केली, चित्रे काढली. कोणत्याही महाविद्यालयात ती गेली नव्हती; त्या काळी जाणे शक्यही नव्हते. ग्रंथ मिळवून ती आपली आपण शिकली. सिसिलीची माहिती देणारे तिचे मार्गदर्शक पुस्तक १८४२ साली निघाले.

मेसिनाची सामुद्रधुनी हे तर निसर्गाभ्यासकांचे माहेरच. इटलीचा पाय आणि सिसिली यांच्यामधल्या त्या अरुंद पट्ट्यात पाण्याचे प्रवाह एकमेकांना भिडतात आणि एरवी खोल समुद्रात राहणारे जीव वर येऊन किनाऱ्यालगत सापडतात. त्यांत अर्गोनॉट हा प्राणी होता. बशीइतक्या किंवा त्याहून मोठ्या, कागदासारख्या पातळ, सुरकुत्यासुरकुत्यांच्या पांढऱ्याशुभ्र कवचात बसलेला हा एक अष्टपाद. त्याच्या आठ बाहूंपैकी दोघांना टोकाशी रुंद पडदे असतात. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले होते, की हा प्राणी समुद्रावर तरंगतो आणि ते पडदे शिडासारखे उभारून वाऱ्यावर जातो. चित्र फार सुंदर आहे! कवींनी ते उचलले, चित्रकारांनी रंगवले आणि दोन हजार वर्षे कुणी तपासले नाही.

खरा वाद कवचाचा होता. गोगलगाय आपल्या कवचाला स्नायूने बांधलेली असते. तिला ओढून काढले तर ती मरते. अर्गोनॉट मात्र कवचाला कुठेच चिकटलेला नसतो, तो त्यातून सुटून बाहेर येऊ शकतो. त्यावरून पुष्कळ विद्वानांनी अनुमान काढले, की हे घर त्याचे नव्हेच. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात शिरून राहणारा खेकडा असतो ना, तसाच हाही एक घरघुशा. ज्याने हे कवच मुळात बांधले तो प्राणी अजून सापडायचा आहे, इतकेच. पॅरिसचे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ ब्लँव्हिल हे या पक्षाचे पुढारी. दुसरा पक्ष म्हणे, कवच त्याचे स्वतःचे. दोन्ही पक्षांच्या हाती होते काय? बरणीत मद्यार्कात बुडवलेले मेलेले अर्गोनॉट. आमच्या प्रदर्शनातल्या बरणीसारखेच.

मेलेल्या प्राण्याला विचारून हा प्रश्न सुटणार नव्हता. प्राणी जिवंत हवा, समुद्राच्या पाण्यात हवा, आणि आपल्याला तो रोज दिसला पाहिजे. आज हे सांगताना अगदी सोपे वाटते. पण १८३२ पूर्वी समुद्रातले जीव घरात जिवंत ठेवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास करण्याचे साधनच नव्हते. झानने ते करवून घेतले. काचेची पेटी, तीत समुद्राचे पाणी, आणि ते पाणी वरचेवर बदलण्याची सोय. आज दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या दर्शनी खोलीत जी मासोळ्यांची पेटी असते, तिची ही पणजी. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेही याच वंशातले. झानने तीन प्रकारच्या पेट्या केल्या. एक घरात ठेवायची काचेची. दुसरी काचेचीच, पण बाहेरून पिंजरा असलेली, उथळ पाण्यात बुडवून ठेवता येणारी आणि तपासायच्या वेळी वर ओढून घ्यायची. तिसरा मोठा पिंजरा, नांगर टाकून समुद्रातच ठेवायचा, ज्यात मोठे प्राणी राहू शकत. कतानिया येथील जोएनिया अकादमीने या पिंजऱ्यांना तिचेच नाव दिले.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. पिंजरा बांधला म्हणजे अर्गोनॉट आपोआप आत येऊन बसत नाही. कुणीतरी होडी घेऊन जायचे, जाळ्यातून तो नाजूक जीव न फोडता काढायचा आणि जिवंत आणून द्यायचा. हे काम मेसिनाच्या कोळ्यांवाचून झाले असेल असे मला वाटत नाही. झानचे नाव इतिहासाने विसरले म्हणून आपण हळहळतो. त्या कोळ्यांची नावे तर कुणी लिहूनच ठेवली नाहीत.

आता तिचे प्रयोग पाहा. पहिला प्रश्न तिने अंड्यांपासून धरला. अर्गोनॉटची मादी आपली अंडी त्या कवचातच सांभाळते. अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना कवच नसते, असे तिला दिसले. मग ती पिल्ले वाढू लागल्यावर कवच येते ते कुठून? ती पाहत राहिली. दिवसांमागून दिवस पिंजऱ्यावर जाऊन पाहणे, नोंद करणे, पुन्हा पाहणे. आणि तिला दिसले, की प्राणी जसजसा वाढतो तसतसे कवचही काठाकाठाने वाढते. चोरलेले घर मालकाबरोबर वाढत नसते.

दुसरा प्रयोग मला विशेष आवडतो. तिने जिवंत अर्गोनॉटच्या कवचाचा तुकडा मुद्दाम मोडला आणि प्राणी काय करतो ते पाहिले. त्याने ते दोन रुंद पडदे, ज्यांना ॲरिस्टॉटलने शिडे म्हटले होते, कवचावरून ओढून घेतले, आणि त्या पडद्यांतून स्रवणाऱ्या द्रव्याने मोडलेली जागा भरून काढली. जवळ कवचाचे सुटे तुकडे ठेवले तर तो तेही उचलून भगदाडावर बसवी. शिडे शिडे म्हणून ज्यांचे गोडवे गायले गेले ती शिडे नव्हती. ती घर बांधण्याची, घर डागडुजी करण्याची अवयवे होती. चोर आपल्या घराला थिगळ लावील, पण थिगळाचे कापड अंगातून काढील काय?

इथे माझे एक मत आहे, ते चुकीचेही असू शकेल. झानच्या चरित्रात लिहिणारे असे लिहितात, की ती आधी शिवणकाम करत होती आणि पुढे तिने ते सोडून विज्ञानाकडे मोर्चा वळवला. जणू दोन वेगळी आयुष्ये! मला तसे वाटत नाही. फाडून पाहावे आणि ते पुन्हा कसे सांधले जाते यावर नजर ठेवावी, ही कल्पना सुचायला रफूचे काम केलेले डोळे लागतात. माझी आई गावात ब्लाउज शिवते. हायस्कुलात असताना फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहिताना मी घरकाम असे लिहीत असे. जुन्या कापडावर बोट फिरवून ते कुठे उसवणार हे ती आधी सांगते, आणि बहुधा तिथेच उसवते. हे ज्ञान कोणत्या शाखेत मोडते, मला माहीत नाही. असो.

तर हे निष्कर्ष झानने कतानियाच्या अकादमीला कळवले. सिसिलीत त्यांचे कौतुक झाले, त्या अकादमीने तिला सभासद करून घेतले. असा मान मिळालेली ती तिथली पहिली स्त्री. पण सिसिली हा युरोपच्या विद्वत्तेचा मध्यभाग नव्हे. बातमी पॅरिसला पोहोचली आणि तिथे तंटा सुरू झाला. फ्रेंच नौदलातील अधिकारी आणि शंखतज्ज्ञ सांदेर रांग यानेही याच प्राण्यावर निरीक्षणे करून ती १८३७ मध्ये मांडली, आणि मान कुणाकडे जावा असा प्रश्न उभा राहिला. नाववाला पुरुष एकीकडे, बेटावरची एक गृहिणी दुसरीकडे. झुकते माप कुणाला मिळाले असेल ते सांगायला नको. रांगने तिचे काम उचलले, असे काही जण सरळ म्हणतात. मला तितके ठामपणे म्हणवत नाही. दोन माणसांना एकाच वेळी एकच गोष्ट दिसू शकते. पण पिंजऱ्यांजवळ वर्षानुवर्षे कोण बसले होते, याबद्दल मात्र शंका नाही.

तिच्या बाजूने उभा राहिला तो लंडनचा शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन. त्याने १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे तिचे प्रयोग आणि तिने पाठवलेले नमुने मांडले आणि तिचे म्हणणे खरे असल्याचे दाखवून दिले. त्या संस्थेने तिला पत्रव्यवहारी सभासद म्हणून घेतले. पुढे युरोपातल्या अनेक संस्थांनी तिला असाच मान दिला.

याच कथेत एक विनोदही आहे. फ्रान्सचा थोर प्राणिशास्त्रज्ञ क्यूव्हिए याला अर्गोनॉटसारख्या प्राण्यांच्या शरीरात एक विचित्र, चूषकांच्या रांगा असलेला कृमी सापडला होता. १८२९ साली त्याने त्या कृमीचे थाटात बारसेही केले. पुढे कळले, की तो कृमी नव्हेच. तो नर अर्गोनॉटचा बाहू होता! नर अवघा दोन सेंटीमीटरांच्या आसपासचा, त्याला कवच नसते, आणि मीलनाच्या वेळी त्याचा एक बाहू तुटून मादीकडेच राहतो. अख्ख्या नराचे व्यवस्थित वर्णन १८५३ साली जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिख म्युलर याने केले. म्हणजे इतकी वर्षे ज्या घराच्या मालकीवर भांडण चालले होते, ते बांधणारी सगळी मादीच निघाली. घर तिचेच, आणि ते बांधायचे ते मुख्यतः अंडी सांभाळायला.

झानने माशांचा विचारही केला होता. ज्या नद्यांतले मासे अति पकडल्यामुळे संपले आहेत, तिथे पिंजऱ्यात लहान मासे वाढवून मग सोडावेत, अशी तिची सूचना होती. आज आपल्याकडे धरणांत दरवर्षी मत्स्यबीज सोडतात, आणि जलाशयात पिंजरे लावून मासे वाढवण्याची पद्धतही महाराष्ट्रात आली आहे. आमच्या पूर्णेच्या काठचे भोई, ज्यांना उन्हाळ्यात डोहात मासोळी मिळेनाशी होते, त्यांना ही सूचना समजावून सांगावी लागणार नाही.

आता जो भाग लिहायचा तो लिहिताना हात थोडा जड होतो. सिसिली सोडून जाण्याचा विचार पॉवर दांपत्य करत होते. झानने आपला संग्रह, म्हणजे शंख, नमुने, चित्रे, टिपणे, हस्तलिखिते, जहाजावर चढवून लंडनकडे रवाना केली. १८३८ साली ते जहाज बुडाले. वीस वर्षांचे काम समुद्रातून आले होते, ते समुद्रात गेले.

त्यानंतर तिने पूर्वीसारखे संशोधन केले नाही. कसे करणार? १८४३ च्या सुमारास सिसिली सुटली. नवऱ्याच्या उद्योगामुळे पुढचे दिवस लंडन आणि पॅरिस येथे गेले. पॅरिसच्या घरात ना सामुद्रधुनी ना कोळी. तरी ती अगदीच गप्प बसली असे मात्र नाही. १८५० च्या दशकात तिने अर्गोनॉटवरची आपली निरीक्षणे पुन्हा छापली आणि इतर प्राण्यांवरही लिहिले. त्यात एक निरीक्षण असे, की मोठा शिंपला उघडलेला दिसताच अष्टपाद दगडाचा तुकडा घेऊन हळूच मध्ये सरकवतो, म्हणजे शिंपल्याला मिटता येत नाही आणि आतले मांस खाता येते. प्राणी हत्यार वापरतो, हे त्या काळी सांगणे धाडसाचेच होते.

दरम्यान काचपेटीचे वेड इंग्लंडभर पसरले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, १८५४ साली फिलिप गॉसचे पुस्तक निघाले आणि अ‍ॅक्वेरियम हा शब्द घरोघरी गेला. लोक गॉसलाच जनक समजू लागले. ओवेनने १८५८ साली लिहून पहिला मान झानकडे जातो हे नोंदवले. पण वेडाच्या लाटेत नोंदी कोण वाचतो?

१८७० च्या युद्धात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. पंचाहत्तरी ओलांडलेली झान ज्या गावाहून तरुणपणी पायी निघाली होती त्या झ्युयाकला परतली आणि तिथेच जानेवारी १८७१ मध्ये वारली. १९०८ च्या भूकंपात मेसिना शहरही जमीनदोस्त झाले. जहाज गेले, शहर गेले. शंभरावर वर्षे तिचे नाव फारसे कुणी घेत नव्हते. मग १९९७ साली शुक्र ग्रहावरच्या एका विवराला विलप्रो-पॉवर असे नाव देण्यात आले. शुक्रावर समुद्र नाही. पण आमच्या खारपाणपट्ट्यातही नाही, तेव्हा त्याबद्दल मी तक्रार करणार नाही.

तिची पद्धत मात्र राहिली. जिवंत प्राणी, त्याच्या पाण्यात, डोळ्यांसमोर. विसाव्या शतकात माकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून हॉजकिन आणि हक्सली यांनी मज्जातंतूतून संदेश कसा जातो हे शोधले. त्यांना १९६३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणपट्टीवर पूर्वी ज्या माकुळाला फारशी किंमत नव्हती, तो परदेशी जाऊ लागल्यापासून भाव खातो आहे, आणि तो किती पकडावा, अंडी केव्हा घालतो, याचा अभ्यास कोचीनच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेत होतो. अर्गोनॉटबद्दलही नवे काही निघाले. २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या ज्युलियन फिन आणि मार्क नॉर्मन यांनी जपानच्या समुद्रात मोकळ्या सोडलेल्या अर्गोनॉटबरोबर पोहून पाहिले, की मादी पृष्ठभागावर येऊन कवचात हवा भरून घेते, ती पडद्यांनी कोंडते आणि मग खाली जाऊन हवे त्या खोलीवर न बुडता, न तरंगता राहते. घर म्हणून बांधलेली वस्तू होडीचेही काम करते! ॲरिस्टॉटल शिडाबाबत चुकला, पण हवेशी काहीतरी संबंध आहे, एवढे त्याला वाटले होते म्हणायचे.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा ही सगळी हकिकत मी आईला सांगितली. ती मशीनवर बसली होती, एका जुन्या झंपराची बाही सांधत होती. पॅरिस, सिसिली, अकादमी, ओवेन, यांतले काही तिच्या कानावर पडले की नाही कोण जाणे. जहाज बुडाले तिथे तिने पाय थांबवला आणि अरे देवा, एवढेच म्हणाली. मग तिने एकच गोष्ट विचारली: त्या प्राण्याने कवचाला लावलेले थिगळ दिसते का? मी सांगितले, दिसते. दुरुस्त केलेला भाग मूळ कवचासारखा एकसारखा येत नाही, खडबडीत राहतो, ओळखू येतो. आईने मान हलवली, सुई पुन्हा ओवली आणि मशीन चालू केली.